पोथीबाहेरचे लग्न

बंगाली हिंदू लग्नाविषयी बोलताना तिकडची माणसे एक भेद अगदी सहज करतात. पुरोहित पोथी उघडून जे सांगतो तो शास्त्राचार. आणि पोथीत ज्याचा मागमूस नाही, पण जे झाल्यावाचून लग्न लागले असे घरातली एकही बाई मानणार नाही, तो स्त्री-आचार. यातला पहिला भाग मराठी माणसाला फारसा परका वाटत नाही. नांदीमुख म्हणजे आपले नांदीश्राद्ध, संप्रदान म्हणजे कन्यादान, आणि वधूच्या भावाने तिच्या ओंजळीत लाह्या घालून त्या अग्नीत सोडण्याचा विधी म्हणजे आपला लाजाहोम. सप्तपदी तर तीच. नवरदेवाचा कान पिळून वसुली करण्याची आपल्याकडच्या भावांची सोय तेवढी तिकडे नाही.

माझ्या भाच्याचे, म्हणजे ताईच्या मुलाचे, लग्न उत्तर कोलकात्यातल्या मुलीशी झाले आणि त्या निमित्ताने हा दुसरा, बायकांच्या हातातला भाग मला जवळून पाहता आला. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, बंगाली लग्नाचे बंगालीपण जे काही आहे ते या पोथीबाहेरच्या लग्नात आणि त्याला लागून असलेल्या जेवणात आहे. ते कुठेही लिहून ठेवलेले नाही आणि म्हणूनच ते चिवट आहे. पण घरातल्या बायकांनी मनावर घेतले तर ते एका रात्रीत बदलूही शकते, हे मला त्याच लग्नात कळले.

तारीख ठरवण्यापासूनच वेगळेपण सुरू झाले. भाद्र, आश्विन, कार्तिक, पौष आणि चैत्र हे महिने तिकडे लग्नाला वर्ज्य आहेत, आणि थोरल्या अपत्याचे लग्न ज्येष्ठात करत नाहीत. त्यामुळे अग्रहायण, माघ आणि फाल्गुन या थंडीच्या महिन्यांत कोलकात्यातल्या प्रत्येक गल्लीत एक तरी घर दिव्यांनी लखलखत असते. मुहूर्त बहुधा संध्याकाळनंतरचा असतो. गोधूलीचा मिळाला तर उत्तम, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत जागायची तयारी ठेवायची. पंजिका, म्हणजे पंचांग, तीही एक नाही. जुन्या गणिताची गुप्तप्रेस पंजिका आणि १८९० पासून निघणारी, सुधारित गणिताची विशुद्ध सिद्धांत पंजिका यांच्यात तिथीवरून मतभेद होतात, आणि कोणती मानायची हे घराघरावर अवलंबून असते. ज्यांच्या घरात टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांच्यावरून एकाच दिवाळीत दोन मते झाली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

लग्नाच्या काही दिवस आधी आइबुडोभात होतो. अविवाहितपणाचे हे शेवटचे जेवण म्हणजे सरळसरळ आपले केळवण. नातेवाईक एकामागून एक बोलावतात आणि वधूवरांची पोटे बिघडेपर्यंत खाऊ घालतात. कडवट चवीचा शुक्तो, भाज्यांची पाच प्रकारची तळणी, माशाचे डोके घालून केलेली मुगाची डाळ आणि शेवटी पायेश, म्हणजे खीर. लग्नाच्या दिवशी मात्र उजाडण्यापूर्वी दही, पोहे आणि मिठाई एवढेच खाऊ घालतात. हा दधिमंगलाचा विधी झाला की वधूवर लग्न लागेपर्यंत उपाशी.

मग येते हळद, आणि हळदीबरोबर मासा. आपल्याकडे नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे नेतात. तिकडेही गाये होलुदची हळद आधी वराला लागते आणि त्यातली उरलेली वधूच्या घरी जाते. पण ती एकटी जात नाही. तिच्याबरोबर 'तत्त्व' जाते, म्हणजे सजवलेल्या ताटांची मिरवणूक: साड्या, अलता, तेल, अत्तर, विड्याची पाने, मिठाई आणि या सगळ्यांच्या अग्रभागी एक भला मोठा रुई मासा. रोहूला ते रुई म्हणतात. हा मासा नुसता पाठवायचा नसतो, तर नवरीसारखा नटवून पाठवायचा असतो. वधूच्या जेठीमांनी, म्हणजे थोरल्या चुलतीने, फोनवर ही यादी सांगितली तेव्हा ताईच्या पुण्यातल्या घरात काही क्षण कोणी बोलले नाही. ताईचे सासर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे. आमचे माहेर मालवणचे असल्यामुळे मासा हे खाते आपोआप माझ्याकडे आले.

मानिकतला बाजारात मी सकाळी पोचले तेव्हा विक्रेते उंच ओट्यांवर मोठ्या विळ्या पायाखाली दाबून बसले होते. समुद्राच्या माशावर वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्यातल्या माशाविषयी एक अढी असते, तशी ती मलाही होती. चिखलाचा वास, काटे फार, वगैरे. (बंगाल्यांना समुद्राच्या माशाविषयी तितकीच अढी असते, त्यामुळे हिशेब बरोबर होतो.) पण कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर हवा आणि बोट दाबले तर खळगा राहता कामा नये, हे तिन्ही नियम मालवणात आणि मानिकतल्यात सारखेच आहेत. चार किलोंच्या वर भरलेला, खवल्यांसकट अखंड रुई घेऊन मी आमच्या उतरण्याच्या ठिकाणी आले.

सजावट आम्ही आमच्या पद्धतीने केली. लाल खणाचा तुकडा लुगड्यासारखा गुंडाळला, ओठाजवळ मोत्यांची छोटी नथ दोऱ्याने अडकवली, कपाळ मानून जिथे मानता येईल तिथे कुंकू लावले, तोंडात विडा दिला. ताईच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात मासळीच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावला, त्या लांब खुर्चीवर बसून हे पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या उठल्या, पिशवीतून मुंडावळ्यांची जादाची जोडी काढली आणि म्हणाल्या, "नवरी आहे ना ती? मग मुंडावळ्या नकोत का? आणि ओटी भरल्याशिवाय पाठवू नका." त्यामुळे त्या माशाची खणानारळाने ओटी भरली गेली. वधूच्या घरी त्या ताटाभोवती जी गर्दी झाली ती नवरदेवाभोवतीही नंतर झाली नाही. दुपारी तो मासा शिजला आणि सगळ्यांनी खाल्ला. ज्या मुलीसाठी तो आला होता ती उपाशीच होती.

या हळदीचे आणि माशाचे एक वैशिष्ट्य असे की, ती धर्माच्या सीमेवर अडत नाही. बांगलादेशातल्या मुसलमान घरांतही गाये होलुदचा समारंभ होतो, आणि तो इतक्या थाटाचा असतो की ढाक्यात निकाहइतकीच तयारी होलुदच्या संध्याकाळीसाठी केली जाते. तिथेही हळदीच्या ताटांबरोबर सजवलेला मासा जातो आणि वलिम्याच्या, म्हणजे निकाहनंतर वराकडे होणाऱ्या, जेवणाला लोक हिंदू घरांतल्या नव्या सुनेच्या जेवणाप्रमाणेच सर्रास बोउभात म्हणतात. सिल्हेट आणि कछारच्या बाजूला बायका टाळ्यांच्या ठेक्यावर गोल फिरत धामाइल गातात. पोथी बदलली तरी बायकांचे लग्न तेच राहिले, कारण ते मुळात पोथीचे नव्हतेच.

वस्तूंचेही तसेच. वराच्या डोक्यावरचा टोपोर आणि वधूचा मुकुट शोल्याचा असतो. शोला ही दलदलीत उगवणारी वनस्पती. तिची साल काढली की आतला गाभा कापसासारखा पांढरा आणि इतका हलका निघतो की हातात घेतला तरी जाणवत नाही. तो पातळ सुरीने सोलून त्याची फुले, झालरी आणि मुकुट करणे हा मालाकार जातीचा पिढीजात धंदा आहे, आणि पूर्व वर्धमान जिल्ह्यातले बनकापाशी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुर्गेच्या मूर्तींचा पांढरा साजही तिथूनच जातो. शंकराला लग्नात पांढरा मुकुट हवा होता म्हणून ही वनस्पती आणि हा कारागीर निर्माण झाला, अशी कथा मालाकार सांगतात. वधूच्या हातातला शाँखा शंख कापून केलेला असतो. ते शंख बंगालचे नव्हेत. ते मन्नारच्या आखातातून, तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून येतात आणि बिष्णुपूरसारख्या ठिकाणचे शाँखारी ते कापून, घासून, कोरून बांगड्या करतात. जोडीला लाल पोला आणि सासूने दिलेले लोखंडाचे कडे. मंगळसूत्राचा शोध घेणारी आमची नजर तिच्या गळ्याकडे जात होती आणि त्यांची नजर आमच्या भाचेसुनेच्या मनगटांकडे.

साडीच्या बाबतीत मात्र एक धागा मुंबईपर्यंत येतो. बंगाली बाईची निऱ्यांची, डाव्या खांद्यावर पदर घेण्याची आजची पद्धत रूढ करण्याचे श्रेय ज्ञानदानंदिनी देवींना दिले जाते. त्यांचे पती सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, आणि १८६० च्या दशकात पतीबरोबर मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनींनी पारशी बायकांचे साडी नेसणे पाहून आपली पद्धत बेतली. सत्येंद्रनाथांनी पुढे तुकारामाचे अभंग बंगालीत नेले, हा त्या मुक्कामाचा दुसरा लाभ. आमच्या भाचेसुनेने लग्नात लाल बनारसी मात्र निऱ्यांवाचूनच्या जुन्या आटपौरे पद्धतीने नेसली होती. म्हणजे मुंबईच्या आधीच्या पद्धतीने.

संध्याकाळी वरात आली. शंख वाजले आणि बायकांनी उलुध्वनी केला. जीभ वेगाने हलवून काढलेला तो तीव्र, लांबवलेला स्वर ऐकायला सोपा वाटतो. मालवणकडच्या आम्ही साऱ्या जणींनी प्रयत्न केला आणि सगळ्यांना नुसती धाप लागली. वधूच्या आईने कुलो, म्हणजे सूप, आणि दिवा घेऊन जावयाचे बरण केले, त्याला मिठाई भरवली आणि ती जिन्याने वर निघून गेली. ती पुन्हा खाली आली नाही. मुलाचे किंवा मुलीचे लग्न आईने पाहायचे नाही, असा तिकडचा स्त्री-आचार आहे. वराच्या आईने तर बोरजात्रींबरोबर, म्हणजे वराकडच्या वऱ्हाडाबरोबर, यायचेही नसते. पूर्वी निघताना मुलगा आईला सांगे की तुझ्यासाठी दासी आणायला जातो, आणि आई घरी थांबे.

ताईला हे आधी सांगितलेले होते, पण सांगणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे. वरमाय म्हणून ती पैठणी नेसून आली होती. आपल्याकडे वरमायेचा मान, विहिणींची भेट, विहिणीची पंगत यांवरून किती रुसवेफुगवे होतात ते सांगायला नको. आणि इथे भेटायला विहीणच खाली नव्हती. बोहल्याजवळच्या खुर्चीवर ती थोडा वेळ बसली आणि मग उठून वरच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. खालचे काही दिसत नव्हते, पण जिन्यातून आवाज येत होते, आणि त्या आवाजांवरून त्या आम्हाला लग्न सांगत होत्या. "आता भावांनी तिला पाटावर उचललंय." पाट कसला, त्यांनी स्वतः रात्री जागून त्यावर तांदळाच्या पिठीची आलपना काढली होती. उलुध्वनी एकदा, दोनदा, असा वाढत गेला तशा त्या बोटांवर मोजू लागल्या. वधू पाटावर बसलेली, विड्याच्या दोन पानांनी चेहरा झाकलेला, आणि भाऊ तिला वराभोवती सात फेरे घालत होते. सातव्या फेऱ्यानंतर शंखांचा एकच गजर झाला. "शुभदृष्टी," त्या म्हणाल्या. म्हणजे पाने बाजूला झाली आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आपला अंतरपाट दोन माणसे धरतात आणि दूर करतात. तिथला अंतरपाट वधूच्या स्वतःच्या हातात असतो, आणि तो केव्हा दूर करायचा हे तीच ठरवते. भाच्याकडून नंतर कळले की तिने त्याला चांगलेच ताटकळत ठेवले होते.

हार घालण्याच्या वेळी आमच्या काकांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके शार्दूलविक्रीडितात म्हटली. वृत्त दोन ठिकाणी घसरले, पण दोन्ही घरांची नावे त्यात बसली होती. ते ऐकून वधूच्या जेठूंनी, म्हणजे थोरल्या काकांनी, आतून एक जुनी वही आणली. तिच्यात घरातल्या जुन्या लग्नांचे 'बियेर पद्य' जपून ठेवलेले होते: रंगीत शाईने पातळ कागदावर छापलेल्या कविता, बहिणींनी, मित्रांनी, आजोबांनी लिहिलेल्या, काही गंभीर आणि बऱ्याचशा थट्टेच्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे पद्य छापून पाहुण्यांना वाटल्याशिवाय सुशिक्षित बंगाली लग्न पुरे होत नसे. कवी नसलेल्या माणसांनी लग्नापुरते कवी होण्याची ही हौस दोन्हीकडे सारखी असावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

सिंदूरदान सर्वांत शेवटी झाले. बोटाने नव्हे, तर अंगठीने किंवा धान मोजायच्या छोट्या मापाने, कुनकेने, भांगात सिंदूर ओढतात आणि लगेच सासरच्या नव्या साडीने वधूचे डोके झाकतात. नाकावर सिंदूर सांडला तर नवरा प्रेमळ, असे म्हणतात. पूर्व बंगालच्या काही घरांत हा विधी दुसऱ्या दिवशीच्या बासी विवाहात होतो. या तपशिलांवरून घटी आणि बाङाल, म्हणजे मूळचे पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडून आलेले, यांच्यात जी वादावादी चालते तिच्यात पाहुण्याने पडू नये.

आता जेवण. बंगाली लग्न पाहून आलेला माणूस विधींविषयी चार वाक्ये बोलतो आणि जेवणाविषयी चाळीस, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आपल्या पंगतीत ताट एकदम मांडून होते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आणि जिलबी किंवा श्रीखंड हे जेवणाच्या मध्येच भाताबरोबर, पुरीबरोबर खायचे. तिकडे पदार्थ एकामागून एक येतात आणि त्यांचा क्रम मोडायचा नसतो. चटणीसुद्धा तोंडी लावणे नाही. ती जेवणाचा एक टप्पा आहे, मांसाहारानंतर आणि मिठाईच्या आधी. टोमॅटो, खजूर आणि आंबापोळीची ती गोड चटणी पापडाबरोबर आली की ओळखावे, आता जिभेला धुऊन काढून गोडाकडे वळायचे आहे. ताईच्या सासऱ्यांनी चटणी सुरुवातीलाच मागितली तेव्हा वाढप्याने ती आणून दिली, पण त्याला वाईट वाटलेले स्पष्ट दिसत होते.

सुरुवात ओल्या मटारच्या कोचुरीने आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेल्या छोलार डाळीने झाली. मग भेटकीचा फिश फ्राय, काशुंदीबरोबर, म्हणजे मोहरीच्या चटणीबरोबर. भेटकी म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात ज्याच्यावरून माणसे जीव टाकतात तो जिताडा. अलिबागकडे पाहुण्याला जिताडा भेट देणे हा सर्वांत मोठा मान समजतात, आणि इथे त्याच माशाचे काटे काढून, वाटणात मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून ब्याचमागून ब्याच तळली जात होती. पंगतीला ते ब्याच म्हणतात. पहिल्या ब्याचचा मान बोरजात्रींचा. मागोमाग पिवळ्या रंगाचा वासंती पुलाव, नारळाच्या दुधातल्या कोळंबीची चिंगडी मालाइकारी आणि तासन्‌तास परतून काळपट झालेले मटण, कोशा मांग्शो. शाकाहारी मंडळींसाठी धोकार डालना होता: हरभऱ्याची डाळ वाटून, शिजवून, थापून त्याच्या वड्या कापायच्या, त्या तळून रश्श्यात सोडायच्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि निर्णय दिला, "पाटवडीचा रस्सा आहे, फक्त तिखट घालायला विसरलेत."

हे सगळे केटररचे लोक वाढत होते. जेठूंना ते फारसे रुचत नव्हते. त्यांच्या लहानपणी लग्न घराच्या गच्चीवर कापडी मांडवाखाली होई. जेवण केळीच्या पानावर आणि पाणी मातीच्या भांड्यात असे. स्वयंपाकाला ओडिया ठाकूर, म्हणजे आचारी, येत आणि वाढायला पाड्यातली मुले कमरेला गामछा बांधून उभी राहत. लग्नाआधी घरातच भियेन बसे, म्हणजे हलवाई येऊन अंगणात चुली मांडत आणि छेन्याची मिठाई तिथेच करत. रात्रभर पाकाच्या वासाने मुलांना झोप लागत नसे. एखाद्या पाहुण्याने किती रोशोगोल्ले खाल्ले याचे आकडे पुढे वर्षानुवर्षे कुटुंबात सांगितले जात, आणि दर वेळी थोडे वाढत. या वैभवावर एकदाच सरकारी संकट आले होते. १९६५ मध्ये दुधाची टंचाई पाहून मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. घरात ज्यांचे लग्न त्या काळात झाले त्या काकूंना लग्नात संदेश मिळाला नाही, ही तक्रार त्या आजही नवऱ्याविरुद्ध नोंदवतात, जणू बंदी त्यांनीच घातली होती.

आमच्या वेळी अशी काही आपत्ती नव्हती. माघ असल्यामुळे नोलेन गूळ होता, म्हणजे खजुरीच्या रसाचा ताजा गूळ, जो फक्त थंडीत मिळतो आणि ज्याचा धुरकट सुगंध साखरेच्या कोणत्याही मिठाईला येणार नाही. त्याचे रोशोगोल्ले, मातीच्या कुल्हडातले मिष्टी दोई आणि चंदननगरचा जलभरा संदेश. ताडगोळ्याच्या आकाराच्या या संदेशाच्या पोटात गुलाबपाणी भरलेले असते. तेलिनीपाड्याच्या जमीनदारांकडे नव्या जावयाची फजिती करण्यासाठी सूर्यकुमार मोदकांनी तो पहिल्यांदा केला, असे सांगतात. जावयाने चावा घेतला आणि पाणी त्याच्या रेशमी पंजाबीवर, म्हणजे सदऱ्यावर, उडाले. आमच्या भाच्यालाही तो आग्रहाने दिला गेला आणि त्याचाही सदरा भिजला, म्हणजे शोध अजून कामाचा आहे.

वासरघरातल्या, म्हणजे वधूवरांच्या लग्नरात्रीच्या खोलीतल्या, गाण्यांवरून आणि जागरणावरून मी लवकर पुढे जाते, कारण तरुण मंडळींनी आम्हाला तिथून लवकरच घालवून दिले. दुसऱ्या दिवशीची कालरात्र मात्र विलक्षण आहे: सासरी आल्यावर त्या रात्री वधूवरांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. सर्पदेवी मनसेच्या मनसामंगल काव्यातल्या बेहुलेचा नवरा लखिंदर लग्नाच्या रात्री लोखंडी खोलीत सर्पदंशाने गेला, त्याची ही आठवण. मृत पतीला तराफ्यावर घेऊन देवांच्या दारापर्यंत गेलेल्या त्या सुनेची भीती आणि भक्ती दोन्ही या रात्रीत आहेत.

पण मला जास्त सांगायचे आहे ते निरोपाविषयी. निघताना मुलगी पाठमोरी उभी राहते आणि तांदूळ डोक्यावरून मागे फेकते. आई ते पदरात झेलते. याला कनकांजली म्हणतात. तांदूळ फेकताना म्हणायचे वाक्य असे की, आई, तुझे सगळे ऋण फेडले. आमच्या भाचेसुनेने तांदूळ फेकले, पण वाक्य म्हणायला साफ नकार दिला. "ऋण फिटलेले नाही आणि मला ते फेडायचेही नाही," एवढे ती म्हणाली. पुरोहित जवळच सामान आवरत होते. कोणीतरी त्यांच्याकडे पाहिले, तर ते म्हणाले की हे पोथीत नाही, त्यामुळे मला विचारण्याचे कारण नाही. लढाई दोन मिनिटांत संपली.

तशीच एक लढाई आदल्या दिवशी, लग्नाच्या पहाटे, झाली होती. जोल शोइते, म्हणजे वधूच्या स्नानाचे पाणी आणायला बायका घाटावर जातात, आणि त्यात 'एयो', आपल्या भाषेत सवाष्णी, असाव्या लागतात. वधूला लहानाची मोठी केलेली पिशी, म्हणजे आत्या, विधवा आहे. बागबाजारच्या घाटावर ती आमच्याबरोबर आली ती मागे राहण्याच्या बेताने. वधूच्या आईने घागर भरली आणि काही न बोलता तिच्या हातात दिली. जेठीमांचा चेहरा कठीण झाला. पण घाटावर, परक्या वऱ्हाडासमोर, त्या बोलल्या नाहीत. घागर पिशीनेच घरी आणली.

ज्या शहरात हे घडले तिथेच ७ डिसेंबर १८५६ रोजी ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या पुढाकाराने, नव्या कायद्यानंतरचा पहिला विधवाविवाह लागला होता. शांतिपूरच्या विणकरांनी तेव्हा साडीच्या काठावर 'विद्यासागर चिरंजीव होवोत' अशा अर्थाची ओळ विणली आणि त्या साड्या हातोहात खपल्या. विद्यासागरांचा ग्रंथ विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणला आणि तो वाद इकडेही पेटला. कायदा झाला, ग्रंथ झाले, शास्त्रार्थ झाले. आणि हळदीच्या ताटाला मात्र विधवेने हात लावायचा नाही, हे दीडशे वर्षांनंतरही अनेक घरांत तसेच राहिले, कारण त्यावर कोणी ग्रंथच लिहिलेला नव्हता की ज्याचे खंडन करावे. पोथीतला भाग बदलायला विद्वत्ता लागते. संस्कृतच्या विदुषी गौरी धर्मपाल यांनी विवाहविधीची नव्याने मांडणी केली, आणि त्यांच्या शिष्या नंदिनी भौमिक आपल्या सहकारी स्त्रियांसह आज कोलकात्यात कन्यादान वगळून, मंत्रांचा अर्थ सांगत, रवींद्रसंगीताच्या साथीने लग्ने लावतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या स्त्री पुरोहितांमुळे आपल्याला हे दृश्य नवे नाही. पोथीबाहेरचा भाग बदलायला मात्र घागर दुसऱ्याच्या हातात देणारी एक बाई पुरते, आणि तो तसाच राहायलाही एकच बाई पुरते.

बोउभात पुण्यात झाला. वराने वधूच्या हातात जेवणाचे ताट आणि साडी देऊन, आजपासून तुझ्या अन्नवस्त्राचा भार माझा, असे म्हणायचे असते. दोघेही नोकरी करणारे. त्यांनी एकमेकांना ताट दिले, एकमेकांना कपडे दिले आणि वाक्य दोघांनी म्हटले. मग नव्या सुनेने वडील मंडळींना तूपभात वाढला. आजेसासूबाईंनी वरण मागून घेतले.

वधूच्या धाकट्या भावाचे लग्न येत्या फाल्गुनात आहे. परवा ताईला फोन आला: या लग्नाला विहीणबाई बोरजात्रींबरोबर जाणार आहेत आणि मुलाचे सात पाक, म्हणजे ते सात फेरे, समोर बसून पाहणार आहेत. जेठीमांनी अजून संमती दिलेली नाही. त्यांचे म्हणणे असे की, जायचे तर जा, पण शुभदृष्टीच्या वेळी तरी डोळे मिटून घे. विहीणबाईंनी त्यावर उत्तर दिलेले नाही. साडी मात्र घेऊन झाली आहे, आणि ती कशी दिसते हे पाहण्यासाठी ताईला तिचा फोटो पाठवला आहे. ताईने काठ थोडे रुंद हवे होते असे कळवले.